त्वचेतील लसीकावाहिन्यांच्या विकृती : ओळख व वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना :
रोगास कोणते नाव मिळते, यावर उपचाराची दिशा बऱ्याच अंशी अवलंबून असते. लसीकावाहिन्यांच्या जन्मजात विकृतींचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय.

प्राचीन नोंदी व हत्तीरोग :
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अर्बुद व श्लीपद यांचे स्वतंत्र विवेचन आढळते. श्लीपद, म्हणजेच हत्तीपाय, जुने पाणी साचणाऱ्या प्रदेशांत विशेषत्वाने होतो, हे निरीक्षणही तेथे आहे. १८७२ मध्ये टिमोथी लुईस यांना कलकत्ता येथे मानवी रक्तात हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी आढळले. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये या कृमींची वाढ डासांत होते, हे दाखविले. लसीकावाहिन्या तुंबण्याचे एक बाह्य कारण अशा रीतीने निश्चित झाले.

वर्गीकरणातील स्थित्यंतरे :
त्याच १८७७ साली जर्मनीत वेगनर यांनी लसीकावाहिन्यांच्या गाठींचे साध्या, कोटरयुक्त व पुटीमय असे तीन प्रकार केले. या गाठींसाठी रूढ झालेल्या 'लिम्फँजिओमा' या नावातून मात्र अर्बुदाचा बोध होत राहिला. १९७६ मध्ये व्हिम्स्टर यांनी दाखविले की, त्वचेवरील फोड हे खोलवरच्या लसीकाकोशांची केवळ मुखे असतात. म्हणून वरवर काढलेले फोड पुन्हा उद्भवतात. १९८२ मध्ये मलिकन व ग्लोवाकी यांनी पेशींची वाढ होणारी अर्बुदे आणि रचनेतच दोष असणाऱ्या विकृती यांत भेद केला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने हा भेद स्वीकारला. आज पुटींच्या आकारानुसार मोठ्या पुटींची, लहान पुटींची व मिश्र असे प्रकार मानले जातात.

महाराष्ट्राचा संदर्भ :
नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हत्तीरोग दीर्घकाळ आढळत आला आहे. अशा प्रदेशात जन्मजात सुजेलाही हत्तीरोगाचे नाव मिळण्याचा धोका संभवतो. बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यांसारखे दिसणारे, कधी रक्तमिश्रित फोड चामखीळ वा नागीण समजले जाऊ शकतात. तेलगावसारख्या गावातील बालकाबाबत सूज वा फोड जन्मतः किंवा बालपणापासून आहेत काय, हा प्रश्न वेळीच विचारला जाणे आणि त्यास अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठविले जाणे महत्त्वाचे ठरते.

समारोप :
शतकभर अर्बुद मानली गेलेली ही व्याधी रचनादोष म्हणून ओळखली गेली आणि उपचाराचा विचार पृष्ठभागावरून मुळाकडे वळला. वर्गीकरणाचे खरे मोल रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या या बदलातच आहे.