गोचिडीचा ताप आणि गावाची वही



गोचीड आपल्याला नवी नाही. गाईच्या कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ ती चिकटलेली असते. धार काढता काढता आपण ती ओढून टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण रानातल्या काही जातींच्या गोचिडी माणसालाही आजार देतात. त्यातला एक ताप आपल्या सह्याद्रीच्या रानांत आहे आणि तो जीवही घेतो. शंभर जणांना झाला तर तीन ते पाच जण दगावतात.

आज आम्ही या तापाचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण एखादा रोग कसा ओळखला गेला, पहिली खबर कुणी दिली आणि ती कुणी ऐकली, हाही इतिहासच आहे. त्यात गावच्या माणसांची, बायकांची जागा मोठी आहे. ती आपल्यालाच ठाऊक नसते, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात १९५७ सालापासून करू. कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं रान आहे. त्या रानात माकडं मरून पडू लागली. काळ्या तोंडाची वानरं मेली, तशी लाल तोंडाची माकडंही मेली. त्याच सुमारास रानालगतच्या गावांत माणसं तापाने फणफणली. थंडी वाजून ताप चढायचा, डोकं फुटेल असं दुखायचं, अंग मोडून यायचं, काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त यायचं. आधी वाटलं, विषमज्वर असेल. पण गावकऱ्यांनी मेलेली माकडं आणि माणसांचा ताप यांची सांगड घातली. त्यांनी या तापाला कन्नडमध्ये म्हटलं ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार. आपण त्याला माकडताप म्हणतो.

खबर पोचली ती आपल्या पुण्यात. तिथे १९५२ साली विषाणूंच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं होतं. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेव्हा त्या केंद्राचे प्रमुख होते डॉ. टेलफोर्ड वर्क. माकडं मरतात आणि माणसं आजारी पडतात हे ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा आला. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत असतो तो पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती. त्या तापाचे डास आपल्याकडे भरपूर, म्हणजे तो आला असता तर हाहाकार उडाला असता. पुण्याची माणसं क्यासनूरला गेली, नमुने घेतले, तपासले. पीतज्वर नव्हता. हा वेगळाच विषाणू होता आणि तो डासांतून नव्हे, तर गोचिडीतून पसरत होता. रानाच्या नावावरून त्याला क्यासनूरचं नाव मिळालं.

मग एकेक धागा उलगडत गेला. या गोचिडीची पिल्लं उंदीर, चिचुंद्री, पाखरं यांच्यावर वाढतात. मोठी गोचीड गुरांवर पोसते. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्या अंगावर गोचिडींची संख्या वाढते. मधल्या वयाचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, सहज दिसत नाही, आणि माणसाला चावतं ते मुख्यतः तेच. माकडाला लागण झाली की ते मरतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाची जागा सगळ्यांत धोक्याची. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळे आजारी माणसाला वाळीत टाकायचं काही कारण नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं.

एक प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. हा ताप इथे आला कुठून? परदेशातून येणाऱ्या पाखरांनी आणला का, हे पाहण्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने हजारो पाखरांच्या पायांत वाळे घालून त्यांचा माग काढला. पाखरांवरचा संशय पुढे मागे पडला. उलट असं दिसू लागलं की, रान तोडून शेती-बागा वाढल्या, माणसं आणि गुरं रानाच्या कडेला जास्त वावरू लागली, तसा रानातला हा रोग माणसाला गाठू लागला.

क्यासनूरला मेलेल्या माकडांनी इशारा दिला. पण डोळ्यांसमोर असा काही इशाराच नसेल, तर गावाने काय करायचं? याचं उत्तर दूर अमेरिकेतल्या दोन आयांच्या गोष्टीत आहे.

कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं छोटं गाव आहे. भोवती झाडी, झाडीत हरणं. तिथे पॉली मरे नावाची चार मुलांची आई राहत होती. तिला आणि घरच्यांना वर्षानुवर्षं काही ना काही व्हायचं. अंगावर लाल चट्टे, ताप, सुजलेले गुडघे. डॉक्टरांकडे गेली तर तपासण्यांत काही निघेना. तुझ्या मनाचे खेळ आहेत, असं तिला ऐकावं लागलं. आपल्यातल्या किती जणींनी हे ऐकलं असेल! पण पॉलीने एक केलं. ती लिहीत गेली. कुणाला केव्हा काय झालं, चट्टा कधी उठला, गुडघा कधी सुजला. शेजारपाजारच्या घरांतही असंच चाललंय हे कळल्यावर तिने त्यांचीही यादी केली.

शेजारच्याच ओल्ड लाइम गावात ज्युडिथ मेन्श नावाची आई होती. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात आहे, असं सांगितलं गेलं. हा संधिवात फार क्वचित होतो, मग आमच्याच आळीत एवढ्या मुलांना कसा, असा साधा प्रश्न तिला पडला. १९७५ साली या दोघींनी आपापल्या परीने राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केले. येल विद्यापीठातले तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी पॉलीची यादी समोर घेऊन ती नीट ऐकून घेतली.

त्यांनी तीन गावं पालथी घातली. एकूण वस्ती साधारण बारा हजार. त्यात एक्कावन्न रुग्ण सापडले, एकोणचाळीस मुलं आणि बारा मोठी माणसं. चार रस्ते असे निघाले की तिथल्या दर दहा मुलांमागे एकाला हा आजार होता. बऱ्याच जणांचा आजार उन्हाळ्यात किंवा उन्हाळा सरताना सुरू झाला होता. काहींना आधी अंगावर चट्टा उठल्याचं आठवत होतं. म्हणजे काहीतरी चावत होतं. ते चावणारं होतं गोचीड. पुढे १९८१ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीत त्याचा जंतू सापडला. रोगाला नाव मिळालं लाइम. आज त्यावर प्रतिजैविकांचं औषध आहे. पॉली मरे यांनी आपली हकिगत १९९६ साली पुस्तकातून सांगितली. २०१९ साली त्या गेल्या.

या दोघी डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याकडे होती नोंद. एका घरचं दुखणं म्हणजे नशीब वाटतं. पन्नास घरांचं दुखणं तारखेसकट कागदावर आलं की त्याची चौकशी करावीच लागते.

नोंद झाली, कारण कळलं. मग सगळ्या गोचिडी मारून टाकल्या तर प्रश्न मिटेल का? हेही करून पाहिलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस भागात फेलिशिया कीसिंग आणि रिचर्ड ऑस्टफेल्ड या दोन शास्त्रज्ञांनी चोवीस वस्त्या सोबत घेतल्या. एकट्याच्या परसात फवारून भागत नाही, गोचीड कुंपण मानत नाही, म्हणून अख्खी आळीच घ्यायची असं ठरलं. काही वस्त्यांत गोचीड मारणाऱ्या बुरशीची फवारणी केली. काही ठिकाणी उंदीर आणि खारी आत शिरल्या की त्यांच्या अंगाला औषध लागेल अशा पेट्या ठेवल्या. काही वस्त्यांत दोन्ही, तर काहींत नुसतं पाणी आणि औषधाविना पेट्या. कुठे खरं आणि कुठे खोटं, हे घरच्यांना माहीत नव्हतं. म्हणजे निकालात कुणाची लुडबूड नको. चार वर्षं लोकांनी साथ दिली.

२०२२ साली निकाल बाहेर आला. पेट्या ठेवलेल्या वस्त्यांत गोचिडी साधारण निम्म्या झाल्या. कुत्र्या-मांजरांचे आजार घटले. पण माणसांचे आजार काही कमी झाले नाहीत. कदाचित माणसांना गोचीड घराच्या आवारात नव्हे, दुसरीकडेच चावत असेल. हा निकाल त्यांनी लपवला नाही, आहे तसा सांगितला. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. नुसत्या फवारणीवर विसंबून स्वस्थ बसता येत नाही, हे त्यांच्या चार वर्षांच्या मेहनतीने आपल्याला शिकवलं.

आता आपल्या दारात येऊ. पन्नासएक वर्षं माकडताप कर्नाटकातच घुटमळत होता. मग तो सह्याद्रीच्या कडेकडेने सरकला. केरळमध्ये वायनाडला दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात दिसला. २०१६ च्या सुरुवातीला आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात. गोव्यात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली. कोकणातही काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच.

का, ते बघा. गोचिडीची बारीक पिल्लं साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत जोरात असतात. त्याच महिन्यांत काजूबिया वेचायच्या, बोंडू पिळायचे, सरपण आणायचं, राब भाजायला आणि गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करायचा. वाकून पाचोळ्यात हात घालण्याची ही कामं बहुतेक कोण करतं, ते सांगायला नको. ‘रानात जाऊ नका’ असं सांगणं सोपं आहे. पण रानात न जाता चूल कशी पेटणार आणि काजूचे पैसे कुठून येणार?

कर्नाटकात १९९० पासून या तापावर लस दिली जात होती. तिचा उपयोग कमी पडतो असं दिसून आलं आणि ती बंद झाली. हा विषाणू असल्यामुळे त्यावर लाइमसारखं नेमकं औषध नाही. वेळेवर दवाखान्यात गेलं, सलाइन मिळालं, रक्तस्रावाकडे लक्ष राहिलं तर माणूस वाचतो. लस नाही, औषध नाही, तेव्हा वेळेवर खबर हाच आपल्या हातातला उपाय.

म्हणून आमचं बचतगटांना सांगणं आहे. गटाच्या वहीत हप्ते लिहितो, तसं एक पान या तापासाठी ठेवा. मेलेलं माकड दिसलं तर तारीख, जागा आणि कुणाला कळवलं ते लिहा. माकडाला हात लावू नका, जवळ जाऊ नका, पोरांना आणि गुरांना तिकडे सोडू नका. आशाताईंना, वनरक्षकांना, ग्रामपंचायतीला लगेच सांगा. त्यांना त्या जागेभोवती साधारण पन्नास मीटरवर औषध मारता येतं, पण खबर मिळाली तरच. रानात गेलेल्या माणसाला ताप आला तर तोही लिहा. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ‘मी काजूत गेले होते, तिथे माकड मेलं होतं.’ हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलतं. ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा आला, डोकं दुखलं, हात कापले, तर परत दवाखाना गाठा.

बाकीची काळजी साधी आहे. रानात जाताना अंगभर कपडे घाला, पाय झाका. आरोग्य केंद्रातून गोचिडीसाठी अंगाला लावायचं तेल मिळालं तर ते नुसतं फळीवर ठेवू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, कढत पाण्याने आंघोळ करा. काखेत, कानामागे, कमरेला, गुडघ्यामागे एकमेकींनी बघा. गोचीड लागलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. पातेऱ्याचा ढीग घराला लागून रचू नका.

क्यासनूरच्या गावकऱ्यांनी माकडं आणि ताप यांची सांगड घातली. लाइमच्या आयांनी तारखा मांडल्या. डचेसच्या वस्त्यांनी चार वर्षं धीर धरला. यांतलं काहीही आपल्या गटाला जमणार नाही असं नाही. यंदा काजूला मोहर धरला की वहीचं ते पान उघडा आणि ते लिहिण्याची जबाबदारी एकीच्या नावावर टाका.