गंजाची साक्ष

जपानची जुनी तलवार हाती आली की नवखा संग्राहक तिची लखलख पाहतो. जाणकार मात्र मूठ उतरवितो. मुठीत दडलेला पात्याचा भाग कधीही घासावयाचा नसतो. शतकानुशतके चढलेला काळपट गंज हाच तिच्या वयाचा दाखला. तो खरवडला की तलवारीचे मोल तेथेच घसरले!

कारागिराचे नावही तेथेच कोरलेले असते. परंतु केवळ नावावर भिस्त ठेवणे आम्हांस सर्वांत धोक्याचे वाटते. थोर लोहारांच्या खोट्या सह्या पूर्वापार कोरल्या गेल्या आहेत. उलटपक्षी, लांब तलवारी मुठीकडून आखूड करताना कित्येक अस्सल नावे कापली गेली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या मासामुनेची सही असलेली पाती तर अगदीच मोजकी आहेत. म्हणून पारखी पोलादाचा पोत आणि धारेलगतची पांढुरकी लहर न्याहाळून कर्ता ठरवितो.

होनआमी घराण्याने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. त्यांचा निर्णय घडीच्या कागदावर लिहिला जाई. त्यास 'ओरिगामी' म्हणत. (मुलांच्या कागदी पक्ष्यांचे नावही तेच.) १७१९ मध्ये शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून त्यांनी नामांकित तलवारींची यादी सिद्ध केली.

त्या यादीतील 'होंजो मासामुने' तोकुगावा घराण्याकडे होती. १९४५ मध्ये पराभूत जपानला शस्त्रे जमा करण्याचा हुकूम झाला. कलाकृती म्हणून काही तलवारींना पुढे सूट मिळाली. ही मात्र इतर शस्त्रांबरोबर पोलीस ठाण्यात सोपविली गेली. पुढे ती कोठे गेली, याचा आजवर थांग लागलेला नाही.