मार्लवाईची शाळा आणि मुख्याध्यापकाचे संशोधन



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे त्यांनी आयुष्यभर शाळा चालविली. म्हणून शाळा चालविणाऱ्याने संशोधन कसे शिकावे, हा विषय मी आज निवडला आहे. कृतिसंशोधन हा शब्द अध्यापक महाविद्यालयांत आता गुळगुळीत झाला आहे. भावी मुख्याध्यापक एक समस्या घेतो, पूर्वचाचणी घेतो, पंधरा दिवस उपक्रम राबवितो, उत्तरचाचणीत गुण वाढल्याचे दाखवितो आणि अहवाल बांधून सादर करतो. गुण न वाढलेला अहवाल माझ्या पाहण्यात फारसा आलेला नाही. ज्यात अपयश येऊच शकत नाही, त्याला संशोधन म्हणावे काय?

या पद्धतीला नाव मिळाले ते अमेरिकेत. जर्मनीतून तेथे गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली तिची मांडणी केली : योजना, कृती, कृतीच्या परिणामांचा शोध आणि त्या शोधावरून सुधारलेली पुढची योजना. १९५३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील स्टीफन कोरी यांनी एका ग्रंथाद्वारे ती शाळांच्या कामाशी जोडली. ज्याला कृती करावयाची आहे त्यानेच शोध घ्यावा, हे तिचे मर्म. परंतु लेविन यांच्या मांडणीच्या तीन वर्षे आधी, आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगरात, असा एक प्रयोग सुरू झाला होता. त्याची आठवण मंचेरियलमध्ये नाही करावयाची, तर कोठे?

१९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारले गेले आणि गोंडांचा उठाव मोडला. उठाव मोडला तरी त्याचे कारण शिल्लक होते. जमिनी हातच्या जात होत्या आणि कागद वाचता येत नव्हता. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. ते पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. हे गाव आज कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडले गेले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. संस्थानची राज्यभाषा व शिक्षणाची भाषा उर्दू होती. मुलाच्या घरी गोंडी, बाजारात मराठी किंवा तेलुगू आणि फळ्यावर तिसरेच काही. अशा वेळी सरकारी रीत म्हणजे शाळेची इमारत बांधावी, बाहेरचा मास्तर नेमावा आणि मुले येत नाहीत म्हणून पालकांना बोल लावावा. मार्लवाईत प्रश्नच उलटा मांडला गेला. मुले शाळेत का येत नाहीत, यापेक्षा शाळा त्यांच्या भाषेत का येत नाही, असे विचारले गेले. शिक्षक गोंडांतूनच घ्यावयाचे ठरले. पण साक्षर गोंड मिळणार कोठून? जे मोजके तरुण सापडले, त्यांना थोडीफार मराठी वाचता येत होती. म्हणून गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. लिपी कोणती, हा प्रश्न हैदराबादेतील कार्यालयात बसून सुटला नसता. समोर बसलेल्या शिकाऊ शिक्षकाला काय येते, यावरून तो सुटला. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. मराठीच्या प्राध्यापकाला त्यात थोडा आनंद झाला तर तो आपण क्षम्य मानावा.

या कामाच्या परिसरात एक मराठी अधिकारीही होते. सेतुमाधवराव पगडी हे आपल्याला शिवकालाचे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी या जिल्ह्यातील गोंडांत काम केले, त्यांची भाषा आत्मसात केली, १९४९ साली आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि पुढे गोंडीचे व्याकरणही सिद्ध केले. ज्यांच्यावर अंमल करावयाचा त्यांची भाषा शिकणारा प्रशासक आपल्याकडे विरळाच.

मग हा प्रयोग टिकला का नाही? १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि गोंडी मुलांच्या मधून सीमा गेली. तेलुगूचे राज्य आले आणि देवनागरी गोंडी पुस्तके मागे पडली. राजकारण हे एक कारण खरेच. पण माझ्या मते दुसरे अधिक बोचरे आहे. प्रयोगाची नोंद अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत गेली, शाळेच्या दप्तरात राहिली नाही. कोणता धडा मुलांना उमगला, कोणता अडला, कोणत्या महिन्यात वर्ग ओस पडला, हे त्या गोंड शिक्षकांनी पाहिले असणारच. लेविन यांच्या चक्रातील तिसरा टप्पा त्यांच्या हाती सोपविला गेला असता, तर अधिकारी बदलल्यावरही चक्र फिरत राहण्याची काही आशा होती.

पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने ही उणीव काही अंशी भरून काढली. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली स्थापिलेल्या या संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा गुरे राखणाऱ्या व घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी रात्रीचे वर्ग चालविले. या कामाला चित्रा नाईक कृतिसंशोधनच म्हणत. शिक्षक गावातलाच आणि वेळ गावाला सोयीची. परीक्षेऐवजी बालजत्रा भरे. गावोगावची मुले एकत्र येत आणि काय शिकलो ते तेथे आपोआप दिसे. मूल्यमापन गावासमोर होऊ लागले, की फुगविलेल्या गुणांना जागा उरत नाही.

आपल्या मंचेरियलला डोंगर नाहीत, कोळशाच्या खाणी आहेत. तरी पहिलीच्या वर्गात आजही तेलुगू, मराठी, हिंदी, उर्दू, गोंडी अशा घरांतली मुले शेजारी बसू शकतात. उद्या मुख्याध्यापक होऊ पाहणाऱ्या तरुणाला मी एवढेच सुचवीन : जूनमध्ये हजेरीपटात प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरची भाषा लिहा. कोणते मूल कोणत्या आठवड्यात गैरहजर राहू लागते ते दिवाळीपर्यंत पाहा. वर्गशिक्षिकेला बरोबर घेऊन एकच बदल करा आणि होळीनंतर तोच पट पुन्हा उघडा. बदल फसला असेल तर तेही त्याच वहीत, तारखेसह, तिच्या हस्ताक्षरात लिहिले जावे. ती वही शाळेच्या कपाटात राहील. बदली होईल ती तुमची.