घोडकाठची पांढरी

भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावणारी घोड नदी शिरूर ओलांडून पुढे भीमेला मिळते. तिच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो हात आखडता घेतो. जमीन मात्र काळीभोर, ओल धरून ठेवणारी. गावाचं बरंवाईट या दोन गोष्टींवरच ठरत आलं.

गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख मंडळी. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातलं एक अख्खं खेडं त्यांनी उजेडात आणलं. राजवाडे नाहीत, शिलालेख नाहीत. आहेत ती कुडाची घरं, चुली, बळदं. मला तर हाच खरा इतिहास वाटतो.

भरभराटीच्या काळात घरं चौकोनी, ऐसपैस होती. गावाच्या मध्याजवळ पाच खोल्यांचं मोठं घर आणि शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या मुखियाचं असावं. नदीच्या पुराचं पाणी खेळवायला या लोकांनी पाट खणला, बांध घातला. शेतात सातू, गहू, मसूर, कुळीथ पिके.

आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं! त्यांत लहान मुलंच जास्त. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि लेकरू त्यांत निजवायचं. मोठ्या माणसाला पुरताना मात्र घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेल्याने उठून दूर जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी, असं संशोधक म्हणतात. भीती म्हणावी की माया? लेकरू उंबऱ्याच्या आतच ठेवण्यात मला तरी मायाच दिसते.

इसवी सनापूर्वी १००० नंतर दिवस फिरले. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडं होत गेलं. गव्हाचं पीक मागे पडलं, शेरडं-मेंढरं आणि शिकार यांवर भिस्त वाढली. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल खोपटी आली. भांडी घडवण्यातली जुनी सफाईही उरली नाही. तरीही जवळपास तीनशे वर्षं माणसं तिथेच तग धरून राहिली. मग कधीतरी त्यांनी काठ सोडला. पुरलेली लेकरं तेवढी जमिनीखाली राहिली.