संगणकीकरणामुळे कारखान्यातील वीज वाचते का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यात वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनविणारे अनेक लहानमोठे उद्योग उभे राहिले. अशा उद्योगांत साध्या लेथची जागा संगणकनियंत्रित, म्हणजेच सीएनसी यंत्रे घेत गेली. आता त्यांच्या कामाची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारे संवेदकही बसविले जातात. या बदलाने विजेचा वापर घटतो की वाढतो?

कारखान्यातील विजेचा मोठा वाटा मोटरी घेतात. पंखा किंवा पंप पूर्ण वेगाने चालवून झडपेने प्रवाह अडविला, तर बरीच वीज वाया जाते. त्याऐवजी व्हीएफडी हे इलेक्ट्रॉनिक उपकरण मोटरीचा वेगच गरजेनुसार बदलते. पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग २० टक्क्यांनी कमी केल्यास शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. पाणी उंचावर चढविणाऱ्या पंपात मात्र ही बचत कमी असते.

दुसरी गळती हवेची. देखभाल नीट नसेल, तर कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा नळ्यांच्या जोडांतून निसटू शकते. पाळी संपून सर्व यंत्रे बंद असतानाही मापकावर हवेचा प्रवाह दिसला, तर ती गळतीच समजावी. सीएनसी यंत्रही धातू कापत नसताना हायड्रॉलिक पंप, पंखे व नियंत्रक यांसाठी वीज घेतच राहते. महिन्याच्या बिलात न दिसणारा हा अपव्यय संवेदक तासागणिक दाखवितात.

याची दुसरी बाजूही आहे. व्हीएफडीमुळे विद्युतप्रवाहात हार्मोनिक्स हा दोष निर्माण होतो व त्याने पॉवर फॅक्टर घसरू शकतो. राज्यातील उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने आकारणी लागू झाल्याने अशा घसरणीचा भार थेट बिलावर पडतो. शिवाय माहिती साठविणारी संगणककेंद्रेही वीज खातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज त्यांनी वापरली.

आणखी एक पेच उत्पादनवाढीचा. समजा, एखाद्या कारखान्यात १० हजार नगांना २० हजार युनिट लागत होती. सुधारणेनंतर १५ हजार नगांना २४ हजार युनिट लागली. दर नगामागे वापर २ युनिटवरून १.६ वर आला, म्हणजे २० टक्के बचत झाली. पण एकूण वापर २० टक्क्यांनी वाढला! कार्यक्षम इंजिनांमुळे कोळशाचा खप वाढतो, हे इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते.

म्हणून बचतीचे मोजमाप नगामागे आणि एकूण वापरावर, असे दोन्ही प्रकारे करावे लागते. ठरलेल्या दराने जॉबवर्क करणाऱ्या लघुउद्योजकाच्या हातात वाचलेले प्रत्येक युनिट नफा म्हणून उरते. मात्र संवेदक केवळ अपव्यय दाखवितो. गळका जोड बदलण्याचे आणि रिकामे चालणारे यंत्र थांबविण्याचे काम माणसालाच करावे लागते.