दस्तऐवज फॉरमॅट : खुले व मालकीचे

मजकूर, मांडणी आणि चित्रे संगणकाच्या फाइलमध्ये साठवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे दस्तऐवज फॉरमॅट. तिचा तपशील जाहीर असून कोणालाही वापरता येत असेल तर फॉरमॅट खुला. सूत्रे एकाच कंपनीच्या हाती असतील तर मालकीचा. मायक्रोसॉफ्ट वर्डचा जुना ‘डॉक’ हा मालकीचा. त्यामुळे इतर सॉफ्टवेअर अंदाजाने काम भागवत. ईमेलने आलेली फाइल उघडे, पण तक्ते विस्कटत. ॲडोबीचा पीडीएफ (१९९३) मात्र २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाला.

ओपनडॉक्युमेंट अर्थात ओडीएफ या खुल्या फॉरमॅटला आयएसओची मान्यता २००६ मध्ये मिळाली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ओपन एक्सएमएल पुढे केला. त्याचे मानकपत्र सहा हजारांहून अधिक पानांचे. इतके जाडजूड मानक दुसऱ्या कोणी पूर्णपणे पाळावे ही अपेक्षाच अवघड. आयएसओतील २००७ च्या मतदानात भारताने त्याला विरोध नोंदवला, तरी २००८ मध्ये हा फॉरमॅटही मानक ठरला. या फॉरमॅटमधल्या ‘डॉकएक्स’ फाइलचे एक्स्टेन्शन बदलून ‘झिप’ केले की आतल्या एक्सएमएल फाइली साध्या डोळ्यांनी वाचता येतात. ‘डॉक’मध्ये ही सोय नव्हती.

मराठीत अडचण आणखी खोल आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेत प्रणालीपूर्वीच्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसतो. अशी फाइल ओडीएफमध्ये जतन केली तरी फरक पडत नाही. मजकूरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.