बालकांची न्याहारी आणि चयापचय

बालकांची न्याहारी म्हणजे रात्रीच्या झोपेनंतर मुलांनी घेतलेला दिवसातील पहिला आहार. शरीराचा ऊर्जासाठा भरून काढणे आणि वाढत्या स्नायूंना प्रथिने पुरवणे ही तिची दोन प्रमुख कार्ये होत. न्याहारी घेतली की नाही याइतकेच तिच्यात कोणते घटक होते यालाही महत्त्व आहे.

रात्रीचा उपवास

रात्रीचे जेवण आणि न्याहारी यांत साधारणतः १० ते १२ तासांचे अंतर असते. या काळात रक्तातील ग्लुकोजची पातळी टिकवण्यासाठी यकृत आपल्या साठ्यातील ग्लायकोजेनचे विघटन करते. मुलांमध्ये हा साठा मर्यादित असतो. उलट त्यांच्या मेंदूची ग्लुकोजची गरज शरीराच्या आकारमानाच्या मानाने प्रौढांपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यामुळे उपवास लांबल्यास साठा लवकर संपत येतो. मग शरीर मेदाचे ज्वलन वाढवते आणि स्नायूंतील प्रथिनांपासून सुटलेल्या अमिनो आम्लांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. निरोगी मुलाची न्याहारी एखाद्या दिवशी चुकल्याने सहसा अपाय होत नाही. कुपोषित मुलाजवळ मात्र मेद व स्नायू दोन्ही अपुरे असल्याने त्याच्यावर अधिक ताण पडतो.

स्नायूंची वाढ

स्नायूंतील प्रथिनांची घडण आणि झीज अहोरात्र चालू असते. वाढीच्या वयात घडणीचे पारडे जड राहणे आवश्यक असते. आहारातून मिळणारी अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसीन, घडणीस चालना देतात; इन्सुलिन झीज रोखण्यास साहाय्य करते. मेदाप्रमाणे प्रथिनांचा राखीव साठा शरीरात नसतो, म्हणून दिवसभराची प्रथिने सर्व जेवणांत विभागून घेणे हितावह मानले जाते. स्नायूंच्या बळकटीसाठी आहाराला खेळ व व्यायाम यांची जोडही लागते.

न्याहारीतील घटक

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलास दररोज २३ ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-बिस्किटांतून मुख्यतः पिष्ट व साखर मिळते. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिने ३ ते ४ ग्रॅम असतात; त्यात २५ ग्रॅम शेंगदाणे घातल्यास आणखी सुमारे ६ ग्रॅमची भर पडते. एका अंड्यातून किंवा २०० मिलिलिटर दुधातूनही सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. थालीपिठाच्या भाजणीत धान्य व डाळी एकत्र येतात. धान्यात लायसिन कमी असते, तर डाळींत मेथिओनिन; त्यामुळे दोन्ही परस्परांची उणीव भरून काढतात.

संशोधनाच्या मर्यादा

न्याहारी टाळणाऱ्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. तथापि कौटुंबिक उत्पन्न, झोप व एकूण आहार यांचाही त्यात वाटा असू शकतो. केवळ अशा पाहण्यांवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

शालेय न्याहारी

भारतात १९९५ साली सुरू झालेली राष्ट्रीय शालेय पोषण योजना दुपारच्या भोजनापुरती होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पौष्टिक न्याहारीचीही शिफारस करण्यात आली. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून मुख्यमंत्री न्याहारी योजना आरंभली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यभरातील शासकीय शाळांतील पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत तिचा विस्तार केला. घरी सकाळी चूल पेटण्यापूर्वीच पालकांना कामावर जावे लागते, अशा कुटुंबांतील मुलांसाठी शाळेतील न्याहारी हाच रात्रीचा उपवास वेळेवर सोडण्याचा मार्ग ठरतो.